बापाची जबानी



१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन जे पाच जण धारातीर्थी पडले, त्यांच्या स्मरणार्थ सातपाटीत चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा स्वातंत्र्यलढ्याचा एखादा अध्याय निवडावा, असे मला सुचवण्यात आले होते. परंतु त्या पाच जणांची नावे मनाशी उच्चारताना माझे लक्ष एका निराळ्याच गोष्टीकडे गेले आणि विषय तिथेच ठरला. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी. आपण स्मरण करतो पाच जणांचे, पण उच्चारतो मात्र दहा नावे. हरी, गणेश, महादेव, गोविंद आणि भीमाशंकर हे पाच बाप दरवर्षी आपल्या तोंडी येतात, आणि त्यांच्याविषयी एक अक्षरही न बोलता आपण पुढच्या नावाकडे वळतो.

मुलाचे स्वतःचे नाव आणि घराण्याचे आडनाव यांच्या मधोमध बसलेला, बहुधा एका आद्याक्षरापुरता उरलेला, सही करताना सवयीने ओढला जाणारा आणि म्हणूनच कधी न वाचला जाणारा, असे आपल्याकडे बापाचे स्थान आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचेही नाव घालण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला, तो योग्यच झाला. उशीर झाला एवढीच तक्रार. परंतु कचेरीने आईला जागा द्यायला इतका वेळ घेतला, तरी साहित्याने तिला ती केव्हाच दिली होती. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली, आणि तेव्हापासून मराठी माणसाला आईविषयी बोलण्याची भाषा आयती मिळाली. त्या पुस्तकात श्यामचे वडीलही आहेत. कर्जात बुडालेले, मानी, पोरांवर जीव असलेले. पण पुस्तक मिटल्यावर ते किती वाचकांच्या लक्षात राहतात? दप्तरात बाप आणि पुस्तकात आई, अशी ही वाटणी झालेली आहे.

वयात आलेली मुले बापाविषयी लिहितात ते, माझ्या वाचनाप्रमाणे, बहुशः दोन प्रकारचे असते. एक फिर्याद आणि दुसरी प्रशस्ती. फिर्यादीत बाप आरोपी असतो, प्रशस्तीत तो पुतळा असतो, आणि दोन्ही ठिकाणी त्याने स्वतः बोलण्याची सोय नसते. तिसरा प्रकार फार विरळा आढळतो: मुलाने समोर बसून, लेखणी हाती घेऊन, बापाची जबानी नोंदवून घेणे. आज मला जे सांगायचे आहे ते या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे. परंतु पहिल्या दोहोंची ओळख करून घेतल्यावाचून त्याची किंमत कळणार नाही.

फिर्यादीचा जगातला सर्वांत प्रसिद्ध कागद म्हणजे फ्रान्झ काफ्काने १९१९ साली आपल्या वडिलांना लिहिलेले प्रदीर्घ पत्र. शंभराहून अधिक हस्तलिखित पाने भरलेले ते पत्र वडिलांना पोचलेच नाही. मुलाने ते आईजवळ दिले आणि आईने ते परत केले, असे त्याच्या मित्राने नमूद केले आहे. आमच्याकडे अशी पत्रे कोणी लिहीत नाही, त्याऐवजी कादंबरी लिहितात. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर हा मराठीतला सर्वांत बोलका फिर्यादी, त्याच्या वडिलांचे म्हणणे आपल्याला त्याच्याच तोंडून ऐकावे लागते. पुढे १९७० साली शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले आणि बाजू उलटली. आता फिर्यादी बाप आणि आरोपी मुले. त्या नाटकाला प्रौढ मुलेमुली ढसाढसा रडली, रुमाल ओले केले आणि घरी जाऊन वडिलांशी पूर्वीइतकेच बोलली. (हे मी नाटकाचा दोष म्हणून सांगत नाही, रंगभूमीवर अश्रूंची फेड तिथल्या तिथे होते, हा तिचा धर्मच आहे.)

प्रशस्तीचे दुःख निराळे असते. लोकमान्य टिळकांना १९०८ साली मंडालेला पाठवण्यात आले, तेव्हा त्यांचे चिरंजीव श्रीधरपंत बारा वर्षांचे होते. १९१४ साली वडील परतले तेव्हा अठरा वर्षांचे. मधल्या काळात, १९१२ साली, मातोश्री सत्यभामाबाई निवर्तल्या. मुलांचे शिक्षण, प्रकृती, घरचा खर्च यांविषयी लोकमान्य तुरुंगातून भाचे धोंडोपंत विद्वांस यांना पत्रे लिहीत, म्हणजे पितृत्व त्यांनी सोडले नव्हते. पण ते टपालाने आणि परवानगीने चालले होते. ज्या पोराने बारा ते अठरा हा काळ असा काढला, त्याला पुढे कोणापुढे तक्रार करण्याची सोय होती? वडील राष्ट्राचे झालेले. राष्ट्राच्या मालमत्तेवर मुलाचा दावा लागत नाही. श्रीधरपंतांनी वडिलांहून निराळी वाट धरली, डॉ. आंबेडकरांशी स्नेह जोडला, १९२८ साली पुण्याच्या राहत्या घरी, गायकवाड वाड्यात, समाज समता संघाची शाखा काढली, केसरीच्या विश्वस्तांशी चाललेल्या कज्ज्यात ते पोळले, आणि त्याच वर्षी २५ मे रोजी त्यांनी आपले आयुष्य संपवले. त्यांच्या अंताचे खापर वडिलांच्या थोरपणावर फोडणे अन्यायाचे होईल. मला एवढेच दिसते की, ज्याच्या बापाविषयी साऱ्या देशाला सगळे ठाऊक असते, त्याला स्वतःचे असे काही विचारायला जागा उरत नाही.

आता एका मुलीकडे वळतो. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवण्याचा हट्ट धरला, त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला, आणि सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड थाटले. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. त्या शिकण्याच्या वयाच्या झाल्या तोवर शास्त्रीबुवा थकले होते, म्हणून पहाटे उठवून श्लोक पाठ करून घेण्याचे काम आईने केले. पुढे तीर्थयात्रा, पुराणकथन, दारिद्र्य, दुष्काळ. आणि १८७४ च्या सुमारास काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि बहीण यांचा मृत्यू.

१८८७ साली अमेरिकेत रमाबाईंनी आपले प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक लिहिले, ते अर्पण केले आईच्या स्मृतीला. जिने शिकवले तिचे ऋण प्रथम फेडावे, यात गैर काहीच नाही. पण त्या अर्पणपत्रिकेच्या मागे एक म्हातारा उभा आहे, हे वाचकाने विसरू नये: आईने मुलीला शिकवले, कारण बापाने आईला शिकवले होते. बापाचे देणे पुष्कळदा असे एक हात सोडून पोचते आणि पावतीवर दुसऱ्याचे नाव पडते. त्यानंतर वीस वर्षांनी, १९०७ साली, रमाबाईंनी आपल्या श्रद्धेचा वृत्तान्त लिहिला, तेव्हा मात्र त्या वडिलांच्या अखेरच्या दिवसांपाशी थांबल्या. अन्नावाचून क्षीण झालेल्या त्या वृद्धाने धाकट्या मुलीला जवळ घेऊन परमेश्वराच्या हाती सोपवले, हे त्यांनी सांगितले. तो परमेश्वर आता त्या निराळ्या नावाने ओळखत होत्या. वडिलांचा धर्म त्यांनी सोडला होता. तरीही त्या लेखनात ना फिर्याद आहे ना प्रशस्ती. पन्नाशी गाठलेली बाई, ज्या माणसाच्या मार्गावरून आपण दूर आलो त्याचे म्हणणे जसेच्या तसे नोंदवते, आणि त्याला दुरुस्त करीत नाही. मराठी मुलुखातल्या लेकीने बापाची नोंदलेली ही एक फार मोलाची जबानी आहे. दुर्दैव एवढेच की, ती तिने आठवणीतून लिहिली. बाप समोर नव्हता.

बाप समोर असताना आपण काय करतो? माझ्यापुरते सांगतो. माझे वडील तलाठी होते. दर दोनतीन वर्षांनी बदली, नवा सजा, नवे दप्तर, जमाबंदीच्या दिवसांत रात्री कंदिलापाशी चाललेली आकडेमोड. घरात बोलणे मोजके. शेतकरी मयत झाला की वारसांची वर्दी यायची, फेरफार पडायचा, मंजुरी झाली की सातबाऱ्यावर मयताच्या नावाला कंस व्हायचा आणि खाली मुलांची नावे चढायची. किती बापांना त्यांनी असे कंसात घातले असेल! ते वारल्यावर आमच्या दीड एकराच्या वारसनोंदीसाठी मी कचेरीत गेलो, तोवर कारभार संगणकावर आला होता. छापील उताऱ्यावर त्यांच्या नावाला कंस पडला होता आणि खाली माझे नाव होते. सरकारदरबारी बापाकडून मुलाकडे जे यायचे ते सगळे आले. पण दुष्काळाच्या साली गावकऱ्यांची आणेवारी लावताना त्यांच्यावर कोणाकोणाचे दडपण आले, त्यांनी कोणाचे ऐकले आणि कोणाचे नाही, हे मी त्यांना कधी विचारले नव्हते. प्रेमाविषयी विचारायला संकोच वाटतो हे मी समजू शकतो. कामाविषयी विचारायला कसला संकोच होता?

सातपाटीला हे सांगण्याचे कारण असे की, इथे वारसनोंदीचा हा आधारही नाही. समुद्राला सातबारा नाही. शिडाच्या होडीवर आयुष्य काढलेल्या आजोबाकडून यंत्रनौकेवरच्या बापूसाकडे, आणि त्याच्याकडून उपग्रहाच्या साह्याने जागा हेरणाऱ्या मुलाकडे जे आले ते कोणत्याही फेरफारात नाही: उधाणाला पाणी किती ओढते आणि भांगाला किती, कुठे तळ मऊ गाळाचा आणि कुठे कातळाचा, कोणत्या महिन्यात वारा फिरला की होडी वळवायची, किनाऱ्यावरचे कोणते देऊळ कोणत्या डोंगराच्या रेषेत आले म्हणजे जाळे टाकायचे. तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, डोक्यात हा नकाशा असतो आणि तांडेलाबरोबर जातो. बाकीचे दप्तर आहे, नाही असे नाही. मच्छीमार सोसायटीच्या खतावणीत डिझेल, बर्फ, माशांचे वजन आणि उचल बिनचूक मांडलेली असते. बापाच्या नावावरचे ते आकडे मुलाने लक्ष देऊन वाचले, तर कोणत्या साली घरात लग्न झाले आणि कोणत्या साली इंजिन बसले हेही त्याला कळेल. नकाशा मात्र त्यात नाही.

आणि त्या नकाशाची गरज केवळ भावनेपोटी नाही, रोकड्या कारणासाठी आहे. डोलीच्या जाळ्यांसाठी समुद्रात कव, म्हणजे खुंट, मारण्यावरून दक्षिणेकडच्या मच्छीमारांशी इथल्यांचा जो वाद वर्षानुवर्षे धुमसतो आहे, त्यात प्रत्येक पक्षाचा अखेरचा पुरावा ‘आमचा बाप इथेच जाळी लावीत होता’ हाच असतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या पाण्यात कोणाची वहिवाट किती पिढ्यांची, हा प्रश्न ज्या दिवशी कोणी कागद मागून विचारील, त्या दिवशी बापाची लिहून घेतलेली जबानी आणि ऐकीव आठवण यांत केवढे अंतर असते ते कळेल. तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे त्याच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. उठलेल्या गावांतल्या बापांनी आपल्या किनाऱ्याविषयी जे सांगितले असते, त्यातले किती उतरून घेतले गेले?

या किनाऱ्यावरच्या बापाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोळी-मांगेल्यांच्या घरात व्यवहार आईच्या हाती असतो. मासळी किनाऱ्याला लागली की बापूसाचे काम संपले. वाटा, विक्री, बाजारातली घासाघीस, पैशाचा हिशेब हे आयसचे राज्य. भल्या पहाटेच्या गाडीत टोपल्या घेऊन चढणारी, गिऱ्हाइकाला शब्दाने नमवणारी आई मुलांना रोज दिसते, ऐकू येते. बाप दिसतो तो खेपेहून आलेला, झोपलेला, किंवा जाळे विणत बसलेला. मुलगा निदान एखाद्या हंगामात त्याच्याबरोबर होडीवर जातो आणि तिथे त्याला कळते की, घरात मुका वाटणारा हा माणूस पाण्यावर चारचौघांना हुकूम सोडतो. मुलीला तेही दर्शन नाही. पद्मजा फाटक, दीपा गोवारीकर आणि विद्या विद्वांस यांनी ‘बापलेकी’ या नावाने एक सुंदर संग्रह मराठीत सिद्ध केला आहे. पण त्या प्रांजळ लेखनाच्या शेजारी ठेवावे असे एखाद्या तांडेलाच्या लेकीचे पान मी तरी अजून वाचलेले नाही, आणि ते वाचण्याची मला फार इच्छा आहे.

आता तर मुलगेही होडीवर फारसे दिसत नाहीत. बोईसरच्या कारखान्यांनी काहींना नेले. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली आणि उरलेल्यांना मुंबई जवळ झाली. होडीवर खलाशी म्हणून डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण येतात, आणि त्यांच्यातलेच काही गुजरातच्या बोटींवर जाऊन, अदृश्य सरहद्द ओलांडल्याच्या आरोपाखाली कराचीच्या तुरुंगात अडकतात. त्यांच्या पाड्यावरच्या मुलांना बाप म्हणजे एका यादीतले नाव. ती मुले कोणावर फिर्याद लावणार?

इथल्या शिकलेल्या मुलांची बापांवर एक फिर्याद मात्र आहे, ती मी आडपडदा न ठेवता मांडतो. ज्या पापलेटाने सातपाटीचे नाव देशोदेशी नेले, त्या रुपेरी पापलेटाला सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित करण्यात आले, आणि तेव्हा तो मासा आधीच विरळ होऊ लागला होता. बारीक आसाची जाळी, अंडी न घातलेली पिल्ले, वाढत्या बोटी. ‘तुम्ही खाल्लेत, आम्हाला काय ठेवलेत’ असा प्रश्न मुले घरात विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ज्याने मोठ्या बोटीसाठी कर्ज काढले, हप्ता थकला की काय होते हे ज्याने पाहिले, जो मासळी नसलेल्या दिवसांतही डिझेलचे पैसे मोजत होता, आणि ज्याच्या पिढीने पुढे स्वतःच पिल्ले न पकडण्याची मागणी लावून धरली, त्या बापाचे म्हणणे नोंदवल्याशिवाय हा खटला निकालात काढता येणार नाही. पिल्ले जाळ्यात आली त्या सकाळी त्याला काय वाटले? परत पाण्यात सोडली असती तर शेजारच्या होडीने उचलली असती, हे त्याच्या मनात आले का? हे त्यालाच विचारायला हवे.

असे विचारल्याने काय होते याचे उदाहरण मराठीत आहे, आणि ते एका कामगाराच्या घरातले आहे. नाशिकजवळच्या ओझर गावचे दामोदर रुंजाजी जाधव यांनी महारकीचे जू झुगारून मुंबई गाठली, रेल्वेत आणि मग गोदीत काम केले, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात भाग घेतला, १९५६ साली बाबासाहेबांच्या मागोमाग बौद्ध धम्म स्वीकारला, आणि पोरे शिकवली. निवृत्त झाल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. तेव्हा त्यांचे अर्थशास्त्रज्ञ चिरंजीव नरेंद्र जाधव यांनी त्यांच्यापुढे वही-लेखणी ठेवली आणि आठवेल तसे लिहा, असा आग्रह धरला. शाळेचे संस्कार जेमतेम झालेल्या त्या माणसाने आपल्या बोलीत, आपल्या अक्षरात लिहिले, आणि १९९३ साली ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक ग्रंथालीने प्रसिद्ध केले. त्यात आधी बाप बोलतो, मग मुले बोलतात. अनेक भाषांत ते गेले, त्याचे कौतुक झाले. पण मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट हा क्रमच वाटतो. हा मुलगा पुढे पुणे विद्यापीठाचा कुलगुरू झाला, नियोजन आयोगावर गेला. बापाचे चरित्र आपल्या प्रमाण भाषेत, दाखल्यांसह, सफाईने लिहून काढणे त्याला सहज शक्य होते, आणि ते पुस्तक उत्तम प्रशस्ती ठरले असते. त्याने ते केले नाही. त्याने लेखणी बापाच्या हाती दिली, आणि बापाच्या भाषेला हात लावण्याचा मोह आवरला.

ते वाचताना ध्यानात येते की, हा बाप मुलांना ‘माझे तुमच्यावर प्रेम होते’ असे सांगत बसत नाही. तो काम सांगतो, मारहाण सांगतो, नोकरी कशी मिळाली आणि कशी गेली ते सांगतो, गावाहून पळताना बरोबर कोण होते ते सांगतो. आणि त्या ओघात मुलांना आपल्या बालपणातल्या न उलगडलेल्या गोष्टींची कारणे आपोआप सापडत जातात. थेट भावनेचा प्रश्न विचारला की आमचे बाप दार लावून घेतात. कामाचा प्रश्न विचारला की त्यांना थांबवावे लागते.

म्हणून या गावातल्या, वयाने थोराड झालेल्या मुलामुलींना माझी एक सूचना आहे: बापासमोर विचारायला बसावे. पहिल्या खेपेला तुम्ही किती वर्षांचे होतात आणि तांडेल कोण होता. पहिल्या इंजिनाचे पैसे कुठून उभे केले. कोणत्या वादळात कोणती होडी गेली आणि तुम्ही त्या रात्री कुठे होतात. कोणत्या खलाशाला तुम्ही काढून टाकले आणि का. धंदा सोडावा असे कधी वाटले आणि कोणी अडवले: अशा प्रश्नांपासून आरंभ करावा. उत्तरे त्यांच्याच बोलीत उतरावीत, शुद्धलेखन तपासू नये, आणि त्यांनी कोणाला शिवी दिली तर तीही वगळू नये. मुलींनी हे काम भावांवर सोपवू नये. त्यांना कमी ठाऊक आहे म्हणून त्या अधिक विचारतील, आणि बाप लेकीला अधिक सांगेल असा माझा कयास आहे. एक प्रत सोसायटीच्या दप्तरात ठेवावी.

सध्या होड्या वर ओढलेल्या आहेत आणि बापूस घरी आहेत. मासेमारीची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते.